जोडीचा उमेदवार

आत सुरज माझा तास घेत होता. हो, माझाच! मी बाहेर खिडकीखाली उभी राहून ऐकत होते आणि माझे पाय एका जागी ठरत नव्हते.

"प्रिन्सिपल दोन असतात," तो म्हणाला. "एक आपले सर, ते सारखे वरडतात. दुसरं म्हणजे तत्त्व. ते कुणाला वरडत न्हाई, म्हणून त्याला कुणी पाळत न्हाई."

पोरं हसली. दर वर्षी तिथंच हसतात. अकरा वर्षं मी त्या वाक्यावर पोरं हसवली. ते वाक्य, मग जरा थांबणं, हसू ओसरेपर्यंत फळ्याकडं वळून लिहिणं, सगळं त्याला मीच शिकवलं होतं. चांगले तीन दिवस, स्टाफरूममध्ये समोर बसवून.

मी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. घाटनांदूरहून काळीपिवळी जीपनं येते, तास घेते आणि परत जाते. यंदा कायमची जागा निघाली तेव्हा संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव यांनी मला बोलावून सांगितलं, "मायामॅडम, जागा तुमचीच हाय. पण एकट्या उमेदवाराची मुलाखत घेता येत न्हाई, जोडीला कुणीतरी लागतं. आमच्या पुतण्याला बसवतो. पाहुण्यांपुढं त्याची फजिती नको व्हायला, जरा शिकवा त्याला."

सुरज माझाच जुना विद्यार्थी. मला त्याची दयाच आली. काय म्हणावं माझ्या अकलेला!

मुलाखतीत वर्गावर घ्यायच्या पाठाचा विषय दोघांना एकच होता: कानाला सारखे लागणारे इंग्रजी शब्द नीट वापरायला शिकवणं. माझा हातखंडा. हे शब्द घोकून येत नाहीत, त्यांना पोरांच्या घरातलं वाक्य लागतं. वेदर म्हणजे हवा आणि दुसरं वेदर म्हणजे येईल की नाही यातलं 'की नाही', हे मी अकरावीतल्या संस्कृती नावाच्या पोरीकडून करून घेतलं होतं. तिचे आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात असतात. तिनं उभं राहून इंग्रजीत सांगितलं होतं, तिकडं हवा कशी आहे मला माहीत नाही, आणि आई या महिन्यात येईल की नाही, तेही माहीत नाही. दोन्ही शब्द जागच्या जागी. वर्गाला ते परत समजावून सांगावं लागलं नाही.

सुरजनं आत तेच वाक्य घेतलं. संस्कृतीच्या देखत, आपलं म्हणून.

"वा! फार छान," बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले. त्यावर अर्जुनराव मोठ्यानं म्हणाले, "सायेब, मी म्हणलं न्हवतं का, पोरगं तयार हाय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. जोडीला मला बसवलं होतं.

मी नळापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले.

"म्याडम, काहून येरझाऱ्या घालायल्या? बसा की," शिपाई बन्सीमामा म्हणाले.

"मामा, तुमाला ठाऊक होतं?"

त्यांनी स्टूल माझ्याकडं सरकवलं. "समद्या कॉलेजला ठाऊक होतं. पर तुमाला कोन्या तोंडानं सांगावं?"

पर्स उचलून सरळ निघून जावं, असं फार वाटलं. पण आत पोरं बसली होती. मी आत गेले.

"तुमचाही हाच पाठ ना? मग थोडक्यात आटपा," तज्ज्ञ घड्याळ बघत म्हणाले. "जेवणं खोळंबलीत."

मी जुनं एकही वाक्य घेतलं नाही. पोरांना नवी विचारली. तिसरा हात वर झाला तेवढ्यात "बास, थँक्यू" झालं. सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं गेलं, तिथं मी केली.

सोमवारी सुरजला ऑर्डर मिळाली. जागा भरली म्हणजे माझे तास संपले. मी स्टाफरूममध्ये कपाट रिकामं करत होते, तर हा पेढे घेऊन दारात.

"मॅडम, रागावू नका. जागा माझी हाय हे काकानं मलाबी आदल्या दिवशीच सांगितलं."

मी वह्या पिशवीत भरत राहिले.

"आता अकरावीवर जायचंय. मला तेवढा एकच तास येतो. पुढं काय घेऊ?"

"काकाला इचार की!" मी ओरडले. अकरा वर्षांत त्या खोलीत मी कधी ओरडले नव्हते.

तो गेला नाही. तसाच उभा राहिला. बाहेर घंटा झाली आणि अकरावीची पोरं खिडकीवरून वर्गाकडं जाताना दिसली. मी आता येणार नाही, हे त्यांना अजून माहीत नव्हतं.

"बस," मी म्हणाले. "वही काढ. लिहून घे."

तो बसला. मी पुढचे चार धडे सांगितले. कोण उत्तर येत असून बोलत नाही, कुणाला एकदा नुसतं नावानं हाक मारली तरी पुरतं, तेही सांगितलं. तो भराभर लिहीत होता.

"आणि संस्कृतीला पहिल्या बाकावरून उठवू नको. तिला मागून फळ्यावरचं दिसत न्हाई. चष्मा मागायचा कुणाला, म्हणून ती बोलत न्हाई."

त्यानं तेही लिहून घेतलं.