पंचावन्न पूर्ण

कामिनीने मोबाईल गव्हाच्या कोठीवर उभा टेकवला, स्पीकर चालू केला आणि भिंतीला पाठ लावून बसली. घरात रेंज मिळायची ती कोठीपाशीच. पलीकडून संगीत सुरू झालं. चार महिन्यांत ते तिला पाठ झालं होतं.

समोर तिची भावजय रंजना मेथी निवडत होती.

"आज तरी उचलतीन का, ताई?"

"देखूत."

इंग्लंडातल्या एका वृद्धाश्रमात कामिनीने सोळा वर्षं काढली होती. म्हाताऱ्यांना उचलायचं, कूस बदलून द्यायची, पुसायचं. कंबर गेली तेव्हा ती गावी परतली. पगारातला बहुतेक पैसा आधीच इथे आला होता: घराचा स्लॅब, बोअर, पुतण्याचं इंजिनिअरिंग. म्हातारपणासाठी दरमहा कापले जाणारे पैसे तेवढे तिकडे राहिले. ते कुणी मागितले नाहीत, कारण कुणाला ठाऊकच नव्हते. मग जुन्या मैत्रिणीने त्या पैशांबद्दल तिकडे आलेलं एक पत्र इकडे पाठवलं आणि ते भावाने, हेमकांतने फोडलं. आठवड्याभरात तो तापीकाठच्या दोन एकर केळीच्या रानाचा इसार देऊन आला.

पहिल्या फोनला पेन्शनच्या कंपनीने कोड पाठवला, तो तिच्या तिकडच्या बंद पडलेल्या नंबरावर. दुसऱ्या वेळी पत्ता जुळेना. तिसऱ्या वेळी म्हणाले, कोड टपालाने येईल. तो यायला चाळीस दिवस लागले.

संगीत थांबलं. एका बाईचा आवाज आला. कामिनीने टपालाने आलेल्या कोडचे आकडे वाचून दाखवले, जन्मतारीख सांगितली, कामाचा शेवटचा महिना सांगितला.

"थँक यू, कामिनी," बाई म्हणाली. "यू आर फिफ्टी-फाइव्ह नाऊ." तिने पुढे सावकाश समजावलं. वय नियमात बसलं होतं. आता पैसे काढता येत होते. कागद पाठवू का?

'फिफ्टी-फाइव्ह' ऐकूनच मेथीवरचा रंजनाचा हात थांबला होता. गेल्याच महिन्यात तिने नणंदेच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला शिरा केला होता.

अंगणात हेमकांतची मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. कामिनीने दाराकडे पाहिलं. मग मोबाईलजवळ तोंड नेऊन ती हळू म्हणाली, "नॉट नाऊ. लेट इट बी."

तिने फोन बंद केला.

हेमकांत चप्पल काढता काढताच बोलला, "काय म्हने ती, ताई? व्हयनं का काम?"

कामिनीने तोंड उघडलं. सोळा वर्षांत तिने या भावाला एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

"आजून दोन वरीस भेटाव नही," मेथीवरून मान वर न करता रंजना म्हणाली. "तठला कायदाच तसा शे म्हने."

"दोन वरीस?"

"मी आठेच बशेल होतू ना. आयकं मी."

हेमकांतने चप्पल परत पायात सरकवली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. मग खिशातून फोन काढत तो अंगणात गेला.

कामिनीने भावजयीकडे पाहिलं. "तुले इंग्रजी समजस, रंजना?"

"नही." रंजनाने देठ सुपात टाकले. "तुमना भाऊनी मन्ह्या पाटल्या इकाले मांग्यात ना, तवय मन्हा बाजूथीन बोलाले कोनीच नव्हतं."

एवढं बोलून ती उठली आणि भाजी धुवायला मोरीकडे गेली.

कामिनी तिथेच फरशीवर आडवी झाली. कंबर गार जमिनीला टेकली आणि तिने डोळे मिटले. अंगणातून हेमकांतचा आवाज येत होता. तो रानवाल्याशी बोलत होता, अगदी अजिजीने.

"दोन वरीस थांबशी का, भाऊ? ताईना पैसा पक्काच शेतस."