हरकती : निरंक

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे, मतांचीही नव्हे. पाणीपट्टीच्या कचेरीत जिन्याखाली टांगलेली हरकतींची पेटी. आजवर मी फक्त ऐकून घेतलं. तेच माझं काम होतं म्हणा.

एका पत्रेवाल्याने मला घडवलं. कागदांचं ओझं पेलावं म्हणून त्याने मला दुहेरी तळ दिला. माझ्यात किती कागद पडणार, हे त्याने आधी विचारलं असतं तर एकावरच भागलं असतं. माझ्या अंगावर ‘हरकती व सूचना’ अशी पांढरी अक्षरं होती. लोकांनी बसची तिकिटं टाकली, चॉकलेटचे कागद टाकले. एकाने वाढदिवसाचं आमंत्रण टाकलं, बहुधा साहेबांसाठी.

एकदा शिपाईमामांनी बल्ब बदलायला मला खाली उतरवलं आणि माझ्यावरच उभे राहिले. त्या भाराने तळाचा आतला पत्रा एका कोपऱ्यात उचकटला. तेव्हापासून घडीचा कागद दोन पत्र्यांच्या मधे सरकू लागला. मामांना ते ठाऊक होतं. पेटी उघडली की ते मला उलटी धरून पाठीत दोन थापट्या मारत. “ओक बाई, ओक,” म्हणत.

मामा निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक झालं. थापट्यांबद्दल कुणी विचारलं नाही. किल्ली हेडक्लार्ककडे गेली.

मग शहराने पाणी आणि गटार, दोन्हींचे दर वाढवायचं ठरवलं. तीस दिवसांत लेखी हरकती मागवल्या. तशी सूचना कपाटामागच्या फलकावर लावली, म्हणजे वाचणाऱ्याची जिद्दही कळावी. शहर चहाच्या टपरीवर खूप भांडलं. लिहून आणणारी मात्र एकटीच निघाली. घरी वसतिगृहाच्या चादरी धुणारी विधवा बाई, बोटं कायम पाण्याने सुरकुतलेली.

ती हेडक्लार्कला म्हणाली, “भाऊसाहेब, आमच्या गल्लीत गटाराची नळीच नाही. घरामागचा खड्डा मी पदरमोड करून उपसून घेते. पाण्याचे वाढवा बापडे, पाणी वापरते मी. पण गटाराचे कसले? दोन्ही वाढले तर चादरी सोडाव्या लागतील मला.”

“मावशी, तुमचं अगदी बरोबर आहे. नळी नसेल तर गटाराचा आकार माफच होतो. हरकत नोंदली की गल्ली बघायला माणूस येतो. पण लेखी लागतं. पेटीत टाका.”

“तुमच्याच हातात देते की!”

“छे छे, हातात घेतलं की पक्षपात होतो.”

लेकीने लिहून दिलेला कागद तिने चार घड्या घालून माझ्या फटीत सोडला. तो घरंगळत गेला आणि नेमका त्या कोपऱ्यात शिरला.

तिसाव्या दिवशी हेडक्लार्कने मला उघडलं. चॉकलेटचे दोन कागद निघाले. माणूस सरळ होता. त्याने टॉर्च मारून तीनदा पाहिलं. मग वहीत लिहिलं, ‘हरकती : निरंक’. नागरिकांचा विरोध नसल्याने दरवाढ मंजूर झाली.

नवं बिल घेऊन ती आली.

“मी टाकला होता. तुमच्यादेखत.”

“आठवतंय मला, मावशी. पण निघाला नाही. आणि आता मुदत संपली.” त्याने पुन्हा मला उघडून दाखवलं.

तिने कोपरापर्यंत हात आत घातला. सुरकुतलेली बोटं उचकटलेल्या पत्र्यावरून फिरली. खाली बोटभर अंतरावर कागद होता. पत्रा लागून बोटातून रक्त आलं, तसा तिने हात काढून घेतला.

“असू द्या. लेक म्हणाली होती, झेरॉक्स काढून ठेव. मीच ऐकलं नाही.”

बोलता येत नाही याचं मला तोवर कधी वाईट वाटलं नव्हतं.

पुढे हेडक्लार्कच कुणाला तरी सांगत होता, वसतिगृहाच्या चादरी आता दुसरीकडे जातात. मी अडगळीत आले. हरकती आता मोबाईलवर घेतात. त्यालाही तळ असेलच.

उद्या भंगारवाला येणार आहे. दादा, ठोकून सपाट करण्याआधी मला एकदा उलटी धरा, पाठीत दोन थापट्या मारा. कागद निघेल. पत्ता वरच लिहिलाय.