कॉफीबरोबरचं पाणी

बाबांच्या आजाराची सुरुवात एका डागानं झाली होती. खालच्या दातांमागे, हिरडीला लागून. "कॉफीचा आहे," असं ते वर्षभर म्हणत राहिले आणि आम्हीही ते मानलं. म्हणून तशाच जागी माझ्या जिभेला काहीतरी खरखरीत लागलं, आरशात काळपट रेघ दिसली, तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. प्रत्येक कॉफीनंतर ब्रश घेऊन घासत राहिले. रेघ गेली नाही. रक्त मात्र येऊ लागलं.

बाबा गेल्यापासून घरात माणसांची ये-जा होती. आमच्या ओकली उपनगरातली निम्मी ग्रीक मंडळी तरी येऊन गेली असतील. दुखवट्याची कॉफी बिनसाखरेची. येणाऱ्या प्रत्येकाबरोबर कप घ्यायचा आणि तो उठेपर्यंत पुरवायचा.

बाबांची थोरली बहीण, इव्हान्थिया आत्या, हिनं मला गुळणी टाकताना पाहिलं.

"स्मारो, हे रक्त कधीपासून?"

"ब्रश जोरात फिरला."

"तुझा बापही असंच खोटं बोलायचा. चपला घाल."

"आत्या, उद्या चर्चमध्ये बाबांचा चाळिसावा दिवस आहे. तिथे वाटायचे गहू शिजवायचेत."

"गहू कुठे पळून जात नाहीत. दंडाला धरून नेऊ का? सगळी गल्ली बघेल."

दातांच्या डॉक्टर थेक्ला आमच्यातल्याच. बाबांनाही त्यांनीच मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. त्यांनी बराच वेळ माझं तोंड तपासलं. मी छताकडे पाहत राहिले.

"डॉक्टर, जे असेल ते मला सांगा, तिला नको," आत्या म्हणाली.

"मी इथेच आहे, आत्या."

"तू तोंड उघडं ठेव."

दाताच्या मागे अवजाराचा खर्र आवाज झाला, मग पुन्हा झाला. डॉक्टरांनी त्याचं टोक पांढऱ्या कापसाला पुसलं आणि कापूस माझ्यापुढे धरला. त्यावर तपकिरी रवाळ कण होते.

"कॉफी," त्या म्हणाल्या. "दातावर बसलेली. बाबांचा डाग हिरडीत होता, तो असा निघाला नसता. हिरडी, जीभ, गाल, सगळं पाहिलं. काही नाही."

आत्यानं क्रूसाची खूण केली आणि स्टुलावर बसली.

"हिरडी मात्र तूच सोलली आहेस," डॉक्टर म्हणाल्या. "कॉफीनंतर लगेच ब्रश नको, अर्धा तास थांब. एक कप तासभर चघळत बसू नकोस. आणि अधूनमधून पाणी पी, तोंड धुऊन निघतं. आपल्याकडे कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास असतोच की."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. कॉफी घरात कोणीही करायचं, पण ग्लास ठेवायचे बाबा. न बोलता उठायचे, भरायचे, प्रत्येक कपाशेजारी एक. ते गेल्यापासून ग्लास कपाटातच होते, आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"तरीच," आत्या हळूच म्हणाली. "मला वाटायचं, इतके दिवस कॉफी घशाखाली का उतरत नाही."

घरी येऊन तिनं गव्हाचं पातेलं शेगडीवर चढवलं आणि शेजारी कॉफी ठेवली. मी कपाट उघडून दोन ग्लास काढले, विसळले, भरले. टेबलावर ठेवताना माझी जीभ पुन्हा पुन्हा दातांमागे जात होती. तिथं गुळगुळीत होतं.

"पाणी पी आधी," आत्या म्हणाली. "जिभेचे चाळे नंतर."