बैठकीबाहेर शेषराव

"काका, तुम्ही बाहेर बसा," कोर्टाने नेमलेल्या मध्यस्थ प्रतिमाताईंनी शांतपणे सांगितलं.

हे दुसऱ्या कुणाला तरी सांगताहेत असं वाटून शेषरावांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मी पोरीचा बाप आहो, मॅडम. मले काऊन बाहेर?"

"बाप आहात म्हणूनच. तुम्ही राखीच्या बाजूचे, भगवंतराव गोकुळच्या बाजूचे. मध्यस्थाला बाजू नसते. इथे जे बोललं जाईल ते इथेच राहील, जजसाहेबांनाही कळणार नाही."

जानेफळात शेषरावांशिवाय बैठक बसत नसे. भावांची वाटणी असो की बांधाचं भांडण, लोक त्यांना बोलवायला यायचे. उपरणं झटकून ते मध्ये बसायचे, दोन्हीकडचं ऐकायचे आणि तोडगा काढायचे. जमायचंही त्यांना. मग स्वतःच्या लेकीचं बिनसलं, तेव्हाही ते सवयीने मध्येच जाऊन बसले. पोरीचा बापच पंच! धाडहून, गोकुळच्या गावाहून आलेल्या व्याह्यांनी पहिल्या बैठकीत चहा घेतला, दुसऱ्या बैठकीत नाही घेतला आणि तिसरीतून ते उठूनच गेले. त्या वेळी शेषरावांनी भर लोकांत जाहीर केलं, की नात पूनम पुन्हा धाडची पायरी चढणार नाही.

घटस्फोट तर होणारच होता. राखी आणि गोकुळ दोघांनाही तो हवा होता. प्रश्न उरला होता तो पूनमचा. पोरीलाच कोर्टात उभं करून विचारू, कुणाकडे राहतेस, असं दोन्हीकडचे वकील म्हणू लागले होते. दुसरीतली पोर ती. त्या विचाराने शेषरावांना घास गिळवत नव्हता. पण दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा, हेही उमजत नव्हतं. इतरांना मात्र त्यांनी तो कितीदा तरी मागे घ्यायला लावला होता.

बाहेर एकच बाकडं होतं. एका टोकाला गोकुळचे वडील भगवंतराव आधीच बसले होते. शेषराव दुसऱ्या टोकाला टेकले. मध्ये एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा दोघांनी राखली. व्याहीभेटीला याच दोघांनी एकमेकांना अशी कडकडून मिठी मारली होती, की भगवंतरावांचा फेटा सुटला होता. आज दोघंही समोरच्या नोटीस बोर्डाकडे बघत होते.

आतून आवाज येत नव्हता. शेषरावांच्या बैठकीचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. काही वेळाने राखी एकटीच बाहेर आली. आता गोकुळशी एकट्याशी बोलणं चाललं होतं.

"काय म्हन्ते ते बाई?" शेषरावांनी हळूच विचारलं.

"काहीच नाही म्हनत. विचारते अन् आयकते."

"मंग तू काय सांगतलं?"

राखीने बापाकडे पाहिलं. "बाबा, तीन बैठका झाल्या. मले एकानं तरी विचारलं काय?"

शेषरावांना त्या बैठका आठवल्या. तिच्या वतीने मामा बोलला होता, चुलता बोलला होता, सगळ्यांत जास्त ते स्वतः बोलले होते. राखी आत चहा गाळत होती. त्यांना फार वाईट वाटलं.

राखीला पुन्हा आत बोलावलं गेलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि दोन्ही आजोबांनाही आत घेतलं.

"दोघांनी ठरवलंय," प्रतिमाताई म्हणाल्या. "पूनम आईकडे राहील, सुट्ट्यांत धाडला जाईल. तिला कोर्टात कुणी आणणार नाही. ने-आण आजोबांनी करावी, बुलढाण्याच्या स्टँडवर, असं दोघंही म्हणतात. पण ते तुम्हाला जमणार असेल तरच. नाही म्हणालात तर दुसरा मार्ग काढू."

जमेल म्हणा, असं कुणीतरी म्हणेल याची शेषरावांनी वाट पाहिली. कुणीच काही म्हटलं नाही. राखी खाली बघत होती आणि तिच्या हातातला रुमाल पिळला जात होता.

"मी म्हनलो होतो, पूनम धाडची पायरी चढनार नाही," शेषराव सावकाश म्हणाले. "ते मी मांगं घेतो. मी आनीन तिले."

दिवाळीच्या सुट्टीत बुलढाण्याच्या स्टँडवर दोन म्हातारे एका बाकावर बसले होते. मध्ये पूनम बसली होती आणि दोन्हीकडून आलेला चिवडा खात होती. धाडची गाडी लागली. भगवंतरावांनी पिशवी उचलली. शेषरावांनी पूनमचा हात त्यांच्या हातात दिला. लेकीचा हात त्यांनी याच घराकडे सोपवला होता, तेव्हा बँड वाजत होता. आता कंडक्टर धाड, धाड म्हणून ओरडत होता.

"खिडकीत बसवू नका, तिले गाडी लागते," शेषराव म्हणाले. मग घाईने म्हणाले, "नाही, खिडकीतच बसवा. हवा लागली का बरं वाटते तिले."

"हाव. येतो मंग, व्याही," भगवंतराव सवयीने बोलून गेले आणि जागीच थांबले.

"या," शेषराव म्हणाले, "व्याही."