राखून ठेवलेला छर्रा

मी एक जुनी स्प्रिंग आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीच्या पोटात राहणारी, पोलादी तारेची, एकतीस वेटोळ्यांची. मित्रांनो, अशी बंदूक तुम्ही पाहिली असेल. मला मात्र पाहिले नसेल. धडधाकट बंदूक कुणी उघडत नाही. त्यामुळे माझे आयुष्य एका नळकांड्याच्या अंधारात गेले आणि जगाची ओळख मला झाली ती केवळ आवाजांतून, हादऱ्यांतून आणि लोकांच्या बोलण्यातून.

एका कारखान्यात तापलेली तार दांड्याभोवती गुंडाळून मला घडवले आणि तेलात बुडवले. त्या बुडीतून वर आले तेव्हा माझा स्वभाव ठरून गेला होता: दाबले की उसळायचे. बंदुकीची नळी वाकवली की मी आकसून जाई आणि खटका मला तसेच धरून ठेवी. चाप ओढला की मी झेप घेई. माझ्यापुढचा दट्ट्या हवा रेटी आणि छर्रा सुटे.

माझे मालक फुग्यांवर नेम धरायचा स्टॉल चालवीत. लोक त्यांना नेमवाले म्हणत. "काय कडक स्प्रिंग आहे हो!" असे कुणी म्हटले की ते बंदुकीचा दस्ता थोपटत, आणि ती थाप माझ्यापर्यंत पोहोचे.

त्यांची लेक आठ वर्षांची होती. नळी वाकवण्याचे बळ तिच्या हातात नव्हते. म्हणून रोज स्टॉल बंद करताना ते स्वतः मला दाबत, छर्रा भरत आणि बंदूक तिच्या हाती देत. दिवसाचा शेवटचा नेम तिचा. मग बंदूक उघडून, नळीच्या तोंडाशी करंगळी फिरवून ते मोठ्याने म्हणत, "रिकामी!" फुग्यांच्या पडद्यामागून लेक ओरडे, "रिकामी!" त्यानंतरच बंदूक पेटीत जाई.

एके दिवशी लेकीने हट्ट धरला, की नळी मीच वाकवणार. ती लोंबकळली, घसरली. "अगं, तू बंदूक दाबतेस की बंदूक तुला?" नेमवाले म्हणाले आणि भोवतालची गिऱ्हाइके खो खो हसली. लेक बंदूक सोडून पडद्यामागे निघून गेली. स्टॉल आवरताना त्यांनी नेहमीप्रमाणे मला दाबले, छर्रा भरला.

"घे. तुझा छर्रा."

"नको मला."

"अगं, दाबून ठेवलीय."

"नको म्हटलं ना! तूच मार."

ते हसले. "बरं, राखून ठेवतो. राग गेला की सांग."

पेटी मिटली. त्या दिवशी "रिकामी" कुणीच म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि राग जायच्या आधी तेच गेले.

मित्रांनो, त्यानंतरची अकरा वर्षे मी दाबलेलीच होते. एकतीस वेटोळी एकमेकांच्या अंगाला अंग लावून, श्वासाएवढीही फट नाही. जो हात मला दाबून गेला तो उरला नव्हता. त्याचा जोर तेवढा माझ्यात अडकून होता. सुरुवातीला मी खटक्यावर धडका देत असे. पुढे नुसती रेलून राहू लागले. त्याही पुढे आपण कधी लांब होतो, हेच मला आठवेना. पेटीबाहेर केरसुणी फिरे, भांडी वाजत, पाहुणे येत. लेकीची आई त्यांना सांगे, "ह्यांची शिस्त म्हणजे शिस्त. भरलेली बंदूक कधी पेटीत ठेवली नाही." प्रत्येक वेळी हे वाक्य सुरू झाले की लेकीची पावले उठून आत जात. तिच्याही घशात एक खटका होता.

शेवटी मायलेकींनी स्टॉल पुन्हा सुरू करायचे ठरवले. पेटी मिस्त्रींच्या दुकानात आली. सायकली, कुलपे, शिलाई मशिने दुरुस्त करणारे हे मिस्त्री. त्यांनी नळी वाकवली, तर ती मरगळलेल्या मानेसारखी सहज खाली पडली.

"वहिनी, स्प्रिंग मोडलीय हिची. काही जोरच नाही. आणि छर्रा अडकून बसलाय आत."

"छर्रा? शक्यच नाही. हे भरलेली बंदूक कधी ठेवायचेच नाहीत."

"आता ते लोखंडाला कोण सांगणार? ही मागची पिन काढतो, स्प्रिंग बाहेर घेऊ."

पिनेवर हातोडी पडली. मित्रांनो, स्प्रिंग आधीच दाबलेली असली की नळी अशीच सैल पडते; ढिली होती ती नळी, मी नव्हे. पिन निसटली असती तर मी मिस्त्रींच्या तोंडावर फुटले असते. अकरा वर्षे ज्या सुटकेसाठी झुरले, तिचेच मला भय वाटले. आणि ओरडायला मला तोंड नव्हते. दुसरा घाव पडला. पिन हलली.

"थांबा काका!" लेक ओरडली. "ती मोडलेली नाही. दाबलेली आहे."

"तुला गं काय माहीत?"

"बाबांनी दाबली होती. माझ्यासाठी. मी रुसले होते... मारलाच नाही."

"अकरा वर्षं झाली त्याला?" मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. "अगं पोरी, माझं नाक आत्ता छपराला चिकटलं असतं की!"

आई म्हणाली, "म्हणजे मी आल्यागेल्याला ह्यांची शिस्त सांगत होते, आणि तू ऐकून घेत होतीस?"

"हो."

"मला वाटायचं, कंटाळून आत जातेस. बापावरच गेलीस. राखून ठेवायची खोड." आणि अगदी हळू, "मार की मग. तुझाच आहे ना तो?"

मागच्या अंगणात भुशाच्या पोत्यावर फुगा बांधला गेला. लेकीने बंदूक खांद्याला लावली. चाप ओढला जाईपर्यंत तिच्या हृदयाचे ठोके मी दस्त्यातून मोजत होते.

मी सुटले. पण उसळले नाही. म्हातारे माणूस पाटावरून उठते, तशी उठले. दट्ट्यावरची वाळलेली चामड्याची चकती फसकन फाटली. छर्रा कसाबसा फुग्यापर्यंत गेला. फुगा हलला, फुटला नाही.

"नुसता गालगुच्चा घेतला की त्याने!" मिस्त्री म्हणाले. लेक आधी हसली, मग रडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर मिस्त्रींनी मला बाहेर काढले. मी पहिल्यांदा इतका उजेड पाहिला. त्यांनी मला नव्या स्प्रिंगशेजारी ठेवले: मी तीन बोटे आखूड भरले. मोकळी होऊनही मला पूर्ण उंची परत मिळाली नाही. बंदुकीचा गंज निघाला, तेलात भिजवलेली नवी चकती बसली, दस्ता घासून उजळ झाला. माझ्या घरात आता दुसरी राहते. तिचा मला हेवा वाटत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

मित्रांनो, वस्तू वापरल्याने झिजतात, हे खरे. पण ताणून विसरल्याने त्या आतून मरतात. काम झाले की आम्हांला मोकळे करा. आणि कुणी तुमच्यासाठी काही हातात धरून उभे असेल, तर रागातही ते घ्या.

मी आता स्टॉलमधल्या खिळ्याला टांगलेली असते. रोज आवराआवर करताना लेक शेवटचा छर्रा मारते, करंगळी फिरवते आणि म्हणते, "रिकामी!" पडद्यामागून आई ओरडते, "रिकामी!" वाऱ्याने मी खिळ्यावर जराशी हलते. तेवढेच माझे उत्तर.