आधी कळलं ते ग्रंथपालबाईंना

भांडणाला निमित्त झालं दोन काळ्या पँटींचं. नवऱ्याने त्या बाजारातून तयार आणल्या आणि गुपचूप कपाटात ठेवल्या. बायको टेलर. गल्लीत सगळे तिला टेलरबाईच म्हणायचे. एकतीस वर्षांत या माणसाच्या अंगावर तिने विकतची पँट चढू दिली नव्हती. त्याची कंबर कोणत्या वर्षी किती वाढली हे तिला टेप न लावता सांगता आलं असतं.

"विकतच्या आणल्यात?" तिने विचारलं.

"गडद रंग बरा. ओलं दिसत नाही." आणि मग सहज बोलून गेला, "ग्रंथपालबाईंनी सुचवलं."

टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन करून ती ग्रंथी काढून टाकली. नंतरचे रिपोर्ट चांगले आले. पण लघवीवर पूर्वीसारखा ताबा राहिला नाही. शिंकलं, हसलं, वजन उचललं की थेंब गळायचे. दिवसाला चार-पाच पॅड लागायचे. नवराबायकोत जे असतं तेही बंद पडलं. वेळ लागेल, डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. काही विचारलं की म्हणायचा, "ठीक आहे." या दोन शब्दांपुढे टेलरबाईचं काही चालत नसे.

हॉस्पिटलमधल्या एका अनुभवी सिस्टरने अशा जोडप्यांसाठी ऑनलाइन गट सुरू केला होता. शनिवारी चार वाजता तासभर व्हिडिओवर बोलायचं आणि आठवडाभर काही विचारायचं असेल तर गटाच्या पानावर किंवा एकमेकांना खाजगीत लिहायचं. मोकळं बोलता यावं म्हणून नावं नाहीत, नुसता धंदा सांगायचा. टेलरबाई शनिवारी दुपारी दुकानाचं शटर ओढायची आणि नवऱ्याला जवळजवळ धरून टॅबलेटसमोर बसवायची.

पहिले दोन शनिवार तो मान खाली घालून बसला. तिसऱ्या शनिवारी ग्रंथपालबाई बोलल्या. त्या नेहमी एकट्याच दिसायच्या. नवरा कधी समोर यायचा नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "लिफ्टवाले, तुम्ही कामावर कसं निभावता हो?"

आणि हा गडी दहा मिनिटं बोलला. लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करताना खाली उतरता येत नाही, म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, असं त्याने सांगितलं. सिस्टर त्याला रागावली. मग तो म्हणाला, "दुनियेच्या लिफ्ट चालू करतो आणि माझंच बटण बंद!" सगळे खो खो हसले. टेलरबाईही हसली. पण पाण्याचं तिला आत्ताच कळत होतं, तेही इतरांच्या बरोबरीने.

त्यानंतर जेवताना टॅबलेट टिंग करायचा आणि तो हात पुसून वाचायला उठायचा. "कोण?" "ग्रंथपालबाई." टेलरबाई शिवताना मनात त्या बाईशी भांडायची. एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या झग्याला उजवी बाही डावीकडे लावून बसली.

पँटींवरून भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि टॅबलेट टेबलावर उघडाच राहिला. वाचू नये हे तिला कळत होतं. तिने वाचलं.

"बायको जवळ आली की भीती वाटते," त्याने ग्रंथपालबाईंना लिहिलं होतं. "तिने हात लावला आणि काहीच झालं नाही तर? म्हणून मी झोपेचं सोंग घेतो."

तिने ते तीनदा वाचलं. प्रेमपत्र असतं तर तिने सरळ भांडण काढलं असतं. इथे सगळं तिच्याबद्दलच होतं आणि तिलाच सोडून सांगितलेलं होतं. तिने तिथल्या तिथे लिहिलं, "मी टेलरबाई. मला फोन करा." खाली दुकानाचा नंबर टाकला.

तासाभरात फोन आला. टेलरबाईने नमस्कारसुद्धा केला नाही. "माझ्या नवऱ्याकडून तुम्हाला काय काय काढून घ्यायचंय?"

"राग आलाय तुम्हाला. माझी चूक झाली, तुम्हाला विचारायला हवं होतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ऑपरेशन झाल्यापासून माझे मिस्टर अकरा महिने बोलत नाहीत हो. जेवायला चला म्हटलं की येतात, तेवढंच. तुमचे लिफ्टवाले लिहितात ते मी त्यांना वाचून दाखवते. मग ते म्हणतात, 'हो, असंच होतं.' तेवढं ऐकायला मिळावं म्हणून मी विचारत राहते." त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि खरं सांगू? शनिवारी तुम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसता ना, तेव्हा माझा नुसता जळफळाट होतो. मी स्क्रीनकडे बघतच नाही."

आपलाही कोणी हेवा करतं, या विचाराने टेलरबाईला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

संध्याकाळी नवरा बूट काढत होता तेव्हाच ती म्हणाली, "मी तुमचं लिहिलेलं वाचलं."

तो भडकला. "मला न विचारता?"

"हो. चुकलं माझं. पण तिला सांगितलंत, मला का नाही?"

त्याने हातातला बूट खाली ठेवला. "त्यांनी मला धडधाकट असताना पाहिलंच नाही गं. त्यांच्यासमोर माझं काही कमी झालेलं नाही. तुझ्यासमोर झालंय."

"आणि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत तेव्हा मला काय वाटलं असेल? मीच नकोशी झाले. आठ महिने हेच धरून बसलेय मी."

"तू? नकोशी?" त्याने मान वर केली.

"आणि ते सोंग मला पहिल्या दिवसापासून कळतंय. खरंच झोपता तेव्हा घोरता तुम्ही."

तो हसला. हसू आवरेना, आणि मग एकदम चेहरा पडला. तो घाईने उठायला लागला. तिने मनगट धरलं.

"बसा. खुर्ची धुता येते."

तो बसला. ती हात न सोडता शेजारी बसली.

सगळं काही जागेवर आलं नाही. पण तो तिच्याकडे तोंड करून झोपू लागला. सिस्टरने दोघांना काही गोष्टी समजावून सांगितल्या. त्यातल्या काही जमल्या, काहींत फजिती झाली. ग्रंथपालबाईंना लिहायला तिने मना केलं नाही. एकच अट घातली, आधी मला सांगायचं. तरी टॅबलेट टिंग झाला की तिचा जळफळाट व्हायचाच.

पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारी ग्रंथपालबाईंच्या शेजारी कोणाचं तरी कोपर दिसलं. चेहरा नव्हता, पण कोपर तासभर हललं नाही. बाई इतक्या खुशीत होत्या की टेलरबाईच्या नवऱ्यालाही चेव आला.

"माझीही एक बातमी आहे," तो म्हणाला. "हा अख्खा आठवडा दिवसाला एकाच पॅडवर भागलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टेलरबाई सर्वांदेखत त्याच्याकडे वळली. "आणि हे मला कधी सांगणार होतात?"

"आत्ताच सांगतोय की," तो म्हणाला. "तू शेजारीच आहेस ना."