डोंगरावरची दोन केंद्रं

"डोंगरावरच्या तारा उलट्या? कधीपासून?" ताईने अहवाल साहेबांच्या टेबलावर आपटला.

भूकंपमापनाच्या त्या कचेरीत सगळे तिला ताईच म्हणत. साहेब आणि ती एकाच वर्षी नोकरीला लागले, एका डब्यात जेवले, लहरींच्या रेघा वाचायला बरोबरच शिकले. पुढे तो साहेब झाला आणि ही रेघाच वाचत राहिली. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आपलाच माणूस वर गेला, एवढंच.

भूकंपात जमीन भेगेवर सरकते, कुठे ढकलते, कुठे ओढते. म्हणून काही केंद्रांवर रेघ आधी वर उसळते, काहींवर खाली जाते. सुरुंग मात्र चहूबाजूंना ढकलतोच. परवाच्या हादऱ्यात ताईच्या धाकट्या भावाच्या स्वयंपाकघराची भिंत कोसळली, आणि झाडून सगळ्या केंद्रांवर रेघ आधी वरच गेली होती. खाणीतला सुरुंग, दुसरं काय! अहवालात मात्र डोंगरावरच्या दोन केंद्रांच्या रेघा खाली वळवलेल्या; कारण काय, तर तारा उलट्या जोडल्यात. निष्कर्ष, नैसर्गिक भूकंप. म्हणजे दोष कोणाचाच नाही, भरपाईही नाही.

"उलट्या होत्या, त्या गेल्या वर्षीच आपण जाऊन सरळ केल्या. टॉर्च तूच धरला होतास ना रे?"

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "वरून फोन होता गं. अहवाल गेलासुद्धा. तुझं नाव पहिलं ठेवलंय, मान म्हणून."

सहीही तिचीच होती. शेवटच्या पानावर ती नेहमी आधीच सही करून ठेवायची. टायपिंगला उशीर व्हायचा, आणि माणूस घरचा. त्याच माणसाने केसाने गळा कापला. तिला रडू आलं नाही, नुसती किळस आली.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. पडक्या भिंतीला ताडपत्री लावली होती. अहवालाची बातमी, तिच्या नावासकट, दुपारीच टीव्हीवर येऊन गेली होती. एरवी 'आल्या भूकंपबाई' म्हणून हसणारा भाऊ जागचा उठला नाही.

"अगं, पाहुण्यांना खुर्ची दे," त्याने बायकोला सांगितलं.

"तो सुरुंगच होता रे," ताई म्हणाली.

"मग तसं लिहायचं होतंस."

भावजयीने चहा आणला. तेवढ्यात खाणीकडे धडाडधूम झालं, ताडपत्री थरथरली, कप बशीत खुळखुळू लागला. ताईने दोन्ही हातांनी बशी घट्ट धरून ठेवली.